न आलेल्या पुराचा खर्च

प्रश्न : मुलगी-जावई सिडनीच्या वायव्य उपनगरांत घर बघताहेत. परवा फोनवर ती म्हणाली, इथे पूर यायच्या आधीच सरकार पैसे देतं. बांध घालायला, घर उचलून उंच करायला, कुठे कुठे तर घरच विकत घेऊन टाकतं. आम्ही सांगलीकर. २०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेलं, पंचनामे झाले, सानुग्रह अनुदान मिळालं. २०२१ ला पुन्हा तेच. ऑस्ट्रेलियात खरंच असं काही आहे का? किती पैसा, कोण देतं? आणि पूर आलाच नाही तर सगळा पैसा पाण्यात गेला म्हणून कोणी ओरडत नाही का?
— एक वाचक, गावभाग, सांगली

उत्तर : आहे. त्याचं नाव 'डिझास्टर रेडी फंड'. ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारचा हा निधी १ जुलै २०२३ पासून सुरू झाला. पाच वर्षांत मिळून १०० कोटी डॉलरपर्यंत, म्हणजे वर्षाला २० कोटी. तिथला डॉलर ५५ रुपयांना धरला तर वर्षाचे अकराशे कोटी रुपये होतात. पहिल्या फेरीत १८७ कामे मंजूर झाली. या निधीतून पुराचे बांध होतात, समुद्राच्या भिंती होतात, चक्रीवादळात लोकांना आसरा घेता येईल अशा इमारती होतात, वणवा अडावा म्हणून झाडी काढून मोकळे पट्टे ठेवले जातात, धोक्याची सूचना देणारी यंत्रणा बसते. यातला पैसा थेट कुणा घरमालकाच्या खात्यात जात नाही. तिथली नगरपालिका, जिला ते कौन्सिल म्हणतात, किंवा एखादी संस्था अर्ज करते. तो राज्य सरकारच्या हातून केंद्राच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेकडे जातो. ही संस्था, 'नेमा', सप्टेंबर २०२२ मध्ये दोन जुन्या कचेऱ्या एकत्र करून उभी राहिली. आणि कामाचा अर्धा खर्च अर्ज करणाऱ्याने उभा करावा अशी अपेक्षा असते. हा अर्ध्याचा नियम ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

घर उंच करणे आणि विकत घेणे हा निराळा कप्पा. २०२२ च्या सुरुवातीच्या महापुरानंतर क्वीन्सलँड राज्याने केंद्राबरोबर मिळून ७४ कोटी १० लाख डॉलरची योजना आणली. न्यू साउथ वेल्सनेही आपल्या उत्तरेकडच्या नद्यांच्या खोऱ्यांसाठी तशीच आणली. घर उचलतात हे ऐकून आपल्याला गंमत वाटते, पण ब्रिस्बेनकडची जुनी घरे लाकडी असतात आणि ठेंगण्या खांबांवर उभी असतात. खालून जॅक लावून अख्खे घर, आतल्या भिंती-दारांसकट, हळूहळू वर घेतात आणि खाली उंच खांब देतात. ज्यांचे घर उचलण्यासारखे नाही त्यांना आतून बदल करायला मदत मिळते. प्लगचे पॉइंट कमरेच्या वर न्यायचे, गालिचा काढून फरशी घालायची, भिंतीला पाण्याने फुगणार नाही असा बोर्ड लावायचा, एसीचे बाहेरचे युनिट चौथऱ्यावर चढवायचे. पाणी येणारच हे धरून घर लावायचे, म्हणजे ओसरल्यावर पाइपने धुऊन लवकर राहायला जाता येते. जिथे यातले काहीच चालणार नाही तिथे सरकार घर विकत घेते, पाडते, आणि त्या जागेवर पुन्हा घर बांधू देत नाही.

आता तुमचा तिसरा प्रश्न, जो खरा प्रश्न आहे. पैसा पाण्यात गेला म्हणून तिथे फारसे कोणी ओरडत नाही, कारण ओरडावे इतका खर्चच बराच काळ झाला नव्हता. सरकारच्या आर्थिक धोरणांची चिकित्सा करणारा तिथला प्रॉडक्टिव्हिटी कमिशन हा स्वायत्त आयोग २०१४ साली आपत्तींवरच्या खर्चाचा हिशेब मांडायला बसला, तेव्हा निघालेला आकडा असा : आपत्तींवरच्या दर शंभर सरकारी डॉलरपैकी ९७ आपत्तीनंतर, आणि आधी फक्त ३. आपल्याकडे बैल गेल्यावर झोपा करतात ही आपली तक्रार. तिथेही झोप्याचा हिशेब काही वेगळा नव्हता.

हे आळसामुळे किंवा अडाणीपणामुळे झाले म्हणावे तर तसे नाही. पैशाच्या नळाची रचनाच तशी आहे. आपत्तीनंतर रस्ता वाहून गेला, पूल पडला, की केंद्राकडून राज्याला मिळणारी भरपाई ठरलेल्या सूत्राने, जवळजवळ आपोआप येते. खर्चाने एक मर्यादा ओलांडली की निम्मा वाटा केंद्राचा, त्याहून मोठी मर्यादा ओलांडली की पाऊण. अर्ज नाही, स्पर्धा नाही, दरवर्षी अर्थसंकल्पात भांडण नाही. उलट तोच पूल आधीच दोन मीटर उंच करायचा तर स्पर्धेत उतरा, अर्ज लिहा, आणि अर्धे पैसे स्वतः आणा. राज्याच्या अर्थखात्यात बसलेल्या हिशेबी माणसाने कागदावर गणित मांडले तर पूल पडू देणेच स्वस्त निघेल. असे कोणी मुद्दाम करते असे मी म्हणत नाही. नियम मात्र तिकडेच ढकलतात.

त्यात आणखी एक खोच होती. भरपाई 'जसे होते तसे' बांधण्यासाठी. ठेंगणा पूल वाहून गेला तर पुन्हा तेवढाच ठेंगणा पूल बांधा, पैसे मिळतील. उंच बांधलात तर वरचा खर्च तुमचा. म्हणून काही ठिकाणी तोच रस्ता तीन पुरांत तीनदा गेला आणि तीनदा तसाच झाला. क्वीन्सलँडने याला २०१३ मध्ये तोंड फोडले. त्या वर्षीच्या पुरानंतर केंद्र आणि राज्य यांनी निम्मे-निम्मे घालून ८ कोटी डॉलर बाजूला काढले, ते केवळ 'पुन्हा बांधताना आधीपेक्षा बरे बांधा' यासाठी. माझ्या मते ऑस्ट्रेलियातल्या सगळ्या योजनांत सर्वांत शहाणी हीच. निधी लहान, उद्घाटनाचा गाजावाजा नाही, पण नेमकी दुखरी जागा पकडलेली.

मतदारांचेही यात अंग आहे. अँड्र्यू हीली आणि नील मल्होत्रा या दोन अमेरिकी संशोधकांनी २००९ मध्ये अमेरिकेतल्या निवडणुकांचे आणि आपत्ती-खर्चाचे आकडे ताडून पाहिले. आपत्तीनंतर मदत वाटणाऱ्या सत्ताधाऱ्यांना लोक मते देतात, आधी तयारी करणाऱ्यांना देत नाहीत, असे त्यांना दिसले. आणि तयारीवरचा एक डॉलर पुढचे पंधरा डॉलरचे नुकसान वाचवतो, असा त्यांचा अंदाज होता. बोटीतून तांदळाची पोती वाटणारा पुढारी वर्तमानपत्रात दिसतो. ज्या गल्लीत पाणी शिरलेच नाही त्या गल्लीचा फोटो कोण छापणार?

ऑस्ट्रेलियात तर निधी असूनही खर्च न होण्याचा नमुना घडला. डिसेंबर २०१९ मध्ये, वणवे पेटलेले असताना, तिथल्या संसदेने सुमारे ४०० कोटी डॉलरचा 'इमर्जन्सी रिस्पॉन्स फंड' उभा केला. शिक्षणासाठी ठेवलेला एक जुना निधी वळवून तो केला होता. दरवर्षी त्यातून १५ कोटी आपत्तीनंतरच्या कामाला आणि ५ कोटी आधीच्या कामाला काढता येणार होते. पैसा गुंतवलेला असल्याने वाढत गेला, पावणेपाचशे कोटींच्या आसपास पोचला. २०२२ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये पूर आले तेव्हा विरोधी पक्षाने हेच शस्त्र हाती घेतले : निधी व्याज खातो आहे आणि त्यातून एकही संरक्षक काम उभे राहिलेले नाही. मे महिन्यात सत्ता पालटली. नव्या सरकारने त्याच निधीचे नाव आणि नियम बदलून 'डिझास्टर रेडी फंड' केला. म्हणजे जो नवा म्हणून सांगितला जातो तो पैसा जुनाच आहे. गंमत अशी की प्रॉडक्टिव्हिटी कमिशनने केंद्राने वर्षाला २० कोटी आधीच्या कामांवर खर्चावेत असे २०१४ मध्येच सांगितले होते. तोच २० कोटींचा आकडा २०२३ मध्ये अमलात आला. मधल्या नऊ वर्षांत सिमेंट, मजुरी आणि पाऊस तिन्ही वाढले.

पुढे अँड्र्यू कॉल्विन यांनी केंद्राच्या आपत्ती-खर्चाची पुन्हा तपासणी केली. कॉल्विन पूर्वी तिथल्या केंद्रीय पोलिसांचे प्रमुख होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या त्यांच्या अहवालात प्रमाण निघाले ८७ आणि १३. दोन्ही अहवालांची मोजपट्टी अगदी एक नाही, तरी दिशा सुधारली एवढे नक्की. पण ज्या गावाला पैसा सर्वांत जास्त हवा त्यालाच तो मिळवणे अवघड, हे दुखणे राहिलेच. मोठ्या शहराच्या कौन्सिलकडे अर्ज लिहिणारे इंजिनीअर असतात, निम्मा वाटा घालायला तिजोरी असते. शेकडो किलोमीटर पसरलेल्या, दोन-चार हजार करदात्यांच्या कौन्सिलकडे दोन्ही नसते. वाट्यात सूट मागता येते. त्यासाठी पुन्हा वेगळे कारण लिहून द्यावे लागते.

आणि बांध घातला म्हणजे निश्चिंत झालो, असेही समजू नका. न्यू साउथ वेल्सच्या उत्तरेला विल्सन्स नदीकाठी लिस्मोर नावाचे गाव आहे. पूर त्याच्या पाचवीला पुजलेले. २००५ मध्ये तिथे बांध पुरा झाला, साधारण १०.६ मीटरपर्यंतच्या पाण्यासाठी, म्हणजे सरासरी दहा वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या बेताचा. २८ फेब्रुवारी २०२२ च्या पहाटे लोकांना जाग आली ती पाणी घरात आल्यावर. नदी १४.४ मीटरवर गेली; आधीच्या कुठल्याही नोंदीपेक्षा दोन मीटर वर. माणसे पोटमाळ्यावर चढली, काहींनी पत्रे फोडून छप्पर गाठले, आणि सरकारी बोटी पुरेनात म्हणून गावकऱ्यांनी मासेमारीच्या आपापल्या बोटी काढून त्यांना उतरवले. महिनाभरात, ३० मार्चला, पाणी पुन्हा बांधावरून आले. बांध निरुपयोगी नव्हता, मधले लहान पूर त्याने अडवले. पण बांधामागे राहणारा माणूस हळूहळू नदीला विसरतो, आणि कपाटे खालच्या मजल्यावर आणून ठेवतो. अलमट्टी धरणाच्या वादात मी इथे शिरत नाही, पण धरण आहे म्हणून नदीपात्राला चिकटून बांधकाम करणारे सांगली-कोल्हापूरलाही पाहिलेत तुम्ही.

राहिले तुमच्या लेकीचे घर. सिडनीच्या वायव्येला हॉक्सबरी-नेपियन नदीचे खोरे आहे, आणि देशातल्या सर्वांत धोक्याच्या पूरप्रदेशांत त्याची गणना होते. सांगलीकराला कारण चटकन कळेल : अनेक नद्यांचे पाणी इथल्या सखल भागात उतरते आणि पुढे नदी अरुंद, खडकाळ घळीत शिरते. पाणी यायला दारे अनेक, जायला एक फट. मग ते मागे फुगते. १८६७ साली विंडसर गावी नदी नेहमीपेक्षा सुमारे १९ मीटर चढली होती. अलीकडे मार्च २०२१, मार्च २०२२ आणि जुलै २०२२ असे तीन मोठे पूर ओळीने आले. वरच्या वॉरागम्बा धरणाची भिंत उंच करावी अशी योजना वर्षानुवर्षे चर्चेत होती. २०२३ मध्ये नव्या राज्य सरकारने ती सोडून दिली आणि ऑक्टोबरमध्ये दुसरेच पाऊल टाकले. मार्सडन पार्क नॉर्थ या नियोजित वसाहतीला परवानगीच नाकारली, आणि वेस्ट स्कोफिल्ड्समधली कापून लहान केली. हजारो घरे बांधायच्या आधीच रद्द झाली. बिल्डर रागावले, घरांच्या टंचाईची आठवण करून दिली गेली. मला विचाराल तर यापेक्षा स्वस्त पूरनियंत्रण नाही : जिथे पाणी येते तिथे घर नसले म्हणजे बांधही नको, बोटही नको.

म्हणून लेकीला एवढे सांगा. तिथे घर घेताना 'सेक्शन १०.७' नावाचा नियोजनाचा दाखला मिळतो; त्या जमिनीला पुराचे निर्बंध लागू आहेत का हे त्यात लिहिलेले असते. कौन्सिलकडून पुराचा नकाशाही बघावा. आणि 'शंभर वर्षांतून एकदा' या शब्दांवर जाऊ नये. आपल्या लाल पूररेषेसारखीच ती भाषा. तिचा अर्थ दरवर्षी शंभरात एक शक्यता, आणि गृहकर्ज तीस वर्षांचे असेल तर त्या मुदतीत पाणी दारात येण्याची शक्यता शंभरात सव्वीस होते. चारात एक.

प्रश्न : आमच्याकडे निसर्ग वादळात गोठ्याचे, शाळेचे, घरांचे पत्रे उडाले. ऑस्ट्रेलियात एवढी चक्रीवादळं येतात, मग त्यांचे पत्रे उडत नाहीत का?
— एक वाचक, चौल, जि. रायगड

उत्तर : उडत होते, आणि तेही असे की एक शहर जवळजवळ संपले. १९७४ च्या नाताळच्या पहाटे उत्तर टोकावरच्या डार्विन शहरावर 'ट्रेसी' वादळ आले. विमानतळावरच्या यंत्राने ताशी २१७ किलोमीटर वारा नोंदवला आणि यंत्रच बंद पडले. ६६ माणसे गेली. सत्तर टक्क्यांहून अधिक घरे राहण्याजोगी उरली नाहीत. सत्तेचाळीस हजारांच्या शहरातून तीस हजारांवर लोक बाहेर हलवावे लागले.

पुढे इंजिनीअरांनी ढिगारे तपासले तेव्हा ध्यानात आले की पत्रे एका झटक्यात उडालेले नव्हते. वारा एकसारखा लोटत नाही, तो हिसके देतो. प्रत्येक हिसक्याला स्क्रूच्या डोक्याभोवतीचा पत्रा जरासा वाकतो, सरळ होतो, पुन्हा वाकतो. हजारो वेळा असे झाले की भोकाभोवती चिरा पडतात, आणि स्क्रू वाशात तसाच राहून पत्रा त्याच्या डोक्यावरून निसटतो. एक गेला की शेजारचा जातो. छप्पर गेले की भिंतींना वरून धरणारे काही उरत नाही. दुसरा मार्ग दाराखिडकीतून. वाऱ्याच्या बाजूची एखादी खिडकी फुटली किंवा गॅरेजचे दार आत ढकलले गेले, की वारा घरात कोंडतो आणि छप्पर खालून उचलतो. वरून ओढ, खालून रेटा.

मग नियम बदलले. छपरापासून पायापर्यंत लोखंडी सळ्यांनी आणि पट्ट्यांनी घर सलग बांधून घ्यायचे. पत्रे, स्क्रू, दारे यांची हिसक्यांची चाचणी घ्यायची. टाउन्सव्हिलच्या जेम्स कुक विद्यापीठात १९७७ साली खास त्यासाठी चक्रीवादळ चाचणी केंद्र निघाले. फेब्रुवारी २०११ मध्ये मिशन बीचजवळ 'यासी' हे अतितीव्र वादळ धडकले, तेव्हा नव्या नियमांनी बांधलेल्या घरांची छपरे जुन्यांपेक्षा पुष्कळच टिकली. नव्या घरांत दगा दिला तो गॅरेजच्या गुंडाळत्या दारांनी. तोही धडा मग नियमांत गेला.

पण नियम फक्त नव्या घराला लागतो, जुन्याचे काय? क्वीन्सलँडने २०१८ पासून योजना चालवली : किनाऱ्याजवळचे, १९८४ पूर्वी बांधलेले घर असेल आणि उत्पन्न मर्यादेत असेल, तर छप्पर बांधून घेणे, मजबूत दारे बसवणे, खिडक्यांना झडपा लावणे यांच्या खर्चाचा पाऊण भागापर्यंत वाटा सरकार देते, ठरावीक मर्यादेत. कोकणात मिरगाआधी आपण कौले परततो, घर शाकारतो, त्यातलाच हा प्रकार. फक्त तिथे शाकारणीला तिजोरीतून पैसे आहेत.

तुमच्या जवळच एक काम झाले आहे, ते मुद्दाम सांगतो. अलिबाग शहरातल्या विजेच्या तारा जमिनीखालून नेल्या, त्या राष्ट्रीय चक्रीवादळ धोका निवारण प्रकल्पातून, जागतिक बँकेच्या कर्जावर. खांबच नाही तर पडणार काय? निसर्गच्या वेळी ज्या गावांत दिवसच्या दिवस अंधार होता त्यांना त्या कामाचे मोल सांगायला नको.

प्रश्न : यात विमा कंपन्यांचा काय संबंध? आधी खर्च करा असा आग्रह त्या का धरतात?
— एक निवृत्त बँक अधिकारी, पुणे

उत्तर : धंदा आहे त्यांचा. क्वीन्सलँडमधल्या रोमा गावात २०१०, २०११ आणि २०१२ असे लागोपाठ तीन वर्षे पूर आले. सनकॉर्प या मोठ्या विमा कंपनीने मे २०१२ मध्ये सांगून टाकले, बांध होईपर्यंत रोमा आणि एमेराल्ड या दोन गावांत नवी पॉलिसी नाही. विमा नाही म्हणजे गृहकर्ज नाही, आणि गृहकर्ज नाही म्हणजे घराला गिऱ्हाईक नाही. जे काम तीन पुरांनी झाले नाही ते या एका निर्णयाने झाले. बांधाचे काम मार्गी लागले, कंपनी परत आली, हप्ते उतरले. याला कोणी दादागिरी म्हणेल, कोणी हिशेब. मला त्यात दोन्ही दिसते.

विमा कंपन्या, एक बँक, एक दूरसंचार कंपनी आणि रेड क्रॉस यांच्या मंडळाने २०१३ मध्ये डेलॉइटकडून हिशेब करून घेतला होता : वर्षाला २५ कोटी डॉलर आधी खर्चा, २०५० पर्यंत सरकारांचे १२२० कोटी वाचतील. आकडा काढवून घेणाऱ्यांचा स्वार्थ त्यात आहे, हे धरूनच तो वाचावा. मात्र अमेरिकेच्या राष्ट्रीय बांधकामशास्त्र संस्थेने अमेरिकी केंद्रीय अनुदानांचा हिशेब केला तेव्हा एका डॉलरमागे सहा वाचतात असे निघाले, म्हणजे दिशा तीच. उत्तर ऑस्ट्रेलियात तर चक्रीवादळाचा विमा इतका महागला की जुलै २०२२ पासून केंद्र सरकारने १००० कोटी डॉलरची हमी देऊन पुनर्विम्याची सोय केली. त्याने हप्ता हलका होतो, छप्पर घट्ट होत नाही.

प्रश्न : आम्ही मेलबर्नच्या बाहेर राहतो. पुराचं लिहिता, वणव्याचं काय?
— एक वाचक, व्हिक्टोरिया

उत्तर : तुमच्या राज्यात ७ फेब्रुवारी २००९ च्या एका दिवसात वणव्याने १७३ माणसे नेली, २०१९-२० च्या उन्हाळ्यात देशभर ३३ बळी, तीन हजारांवर घरे, २.४ कोटी हेक्टरवर आग. त्यानंतरच्या रॉयल कमिशन या चौकशी आयोगाने ८० शिफारशी केल्या. त्या सगळ्या वाचायला वेळ नसेल तर आज घराभोवती एक फेरी मारा. घरे बहुधा ज्वाळांनी नाही, आगीच्या पुढे उडत येणाऱ्या ठिणग्यांनी पेटतात. पन्हाळीतली सुकी पाने, छपराखालची फट, व्हेंटिलेटर एवढे त्यांना पुरते. तुमच्याकडच्या बांधकाम नियमांत अशा फटींना दोन मिलिमीटरहून बारीक भोकांची धातूची जाळी सांगितली आहे. पन्हाळ साफ करायला सरकारी निधी लागत नाही.

प्रश्न : दरडीखाली गेलेल्या तळीयेचं पुनर्वसन आम्ही जवळून पाहिलं. ऑस्ट्रेलियात गावच्या गाव हलवल्याचं उदाहरण आहे का?
— एक शिक्षिका, महाड

उत्तर : आहे, आणि वेग पाहण्यासारखा आहे. १० जानेवारी २०११ ला क्वीन्सलँडच्या लॉकियर खोऱ्यातल्या ग्रँथम या छोट्या गावात अचानक पाण्याचा लोंढा आला. गावातली १२ माणसे गेली. तिथल्या कौन्सिलने केंद्राच्या निर्णयाची वाट पाहिली नाही. गावाला लागून असलेली उंचावरची ९३५ एकर जमीन विकत घेतली आणि लोकांना सांगितले, खालचा प्लॉट द्या, वर तेवढाच घ्या. जमीन फुकट, घर ज्याचे त्याने बांधायचे किंवा उचलून न्यायचे. सक्ती नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये प्लॉटची पहिली सोडत निघाली आणि वर्षभरात लोक वर राहायला गेले. पुढे खाली पुन्हा पाणी आले तेव्हा वरची घरे कोरडी होती.

माळीण ३० जुलै २०१४, तळीये २२ जुलै २०२१, इर्शाळवाडी १९ जुलै २०२३. आपल्याकडे डोंगर कोसळल्यावर गाव हलवतात, आणि तेव्हा गावातली कितीतरी माणसे उरलेली नसतात. ग्रँथमही पाणी आल्यावरच हलले, हे खरे. पण जागा गावालगत राहिली, शेत, शाळा, शेजार तुटला नाही, आणि निर्णय गावाच्या जवळच्या माणसांनी घेतला. दरडीखालच्या वाड्यांना 'हला' म्हणताना नेमके हेच तीन मुद्दे सुटतात आणि लोक हलत नाहीत. त्यांना आडमुठे ठरवणे सोपे असते.

प्रश्न : असा निधी भारतात का नाही?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थी, नाशिक

उत्तर : आहे की! २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ४७ मध्येच राष्ट्रीय आपत्ती सौम्यीकरण निधीची तरतूद होती. निधी प्रत्यक्षात आला २०२१ च्या फेब्रुवारीत. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी आपत्तीच्या पैशाची विभागणीच ठरवून दिली : ८० टक्के मदत, पुनर्बांधणी आणि सज्जतेला, २० टक्के धोका कमी करायला. केंद्राच्या निधीत त्यासाठी पाच वर्षांचे १३,६९३ कोटी रुपये, आणि सगळ्या राज्यांच्या निधींत मिळून ३२,०३१ कोटी. कागदावर पाहिले तर ऑस्ट्रेलियाच्या १३ टक्क्यांपेक्षा आपले २० टक्के सरस, आणि राज्यांच्या निधीतला वाटा तर स्पर्धेविना, सूत्राने येणारा. नियम चांगला आहे, हे स्पष्ट म्हणायला हवे. पण नियमातली टक्केवारी आणि गटारापर्यंत पोचलेला पैसा यांत किती अंतर असते, ते डिसेंबर २०१९ च्या ऑस्ट्रेलियन निधीच्या कहाणीत वर आलेच आहे.

म्हणून विद्यार्थ्याला आणि इतर वाचकांनाही एक काम सुचवतो. आपापल्या जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयात, माहितीच्या अधिकारात तीन गोष्टी विचारा : राज्य आपत्ती सौम्यीकरण निधीतून जिल्ह्याला कोणत्या वर्षी किती रक्कम मिळाली, ती कोणत्या कामांवर खर्च झाली, आणि त्यातली किती कामे पूर्ण आहेत. अर्जाला दहा रुपये लागतात, उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे. आलेले उत्तर या सदराकडे पाठवा. जिल्ह्याच्या नावासह छापू.